ऑपरेशन मुंबईत, पण बरे होणे वस्तीवर



आपल्या या पत्रिकेत लागण, बेणे, खोडव्याची निगा, पाण्याच्या पाळ्या आणि उताऱ्याचे आकडे येतात, आणि ते यायलाच हवेत. आज मात्र आम्ही निराळा विषय घेतला आहे. विषय कॅन्सरचा आहे. नाव मुद्दाम उघड लिहितो, कारण आपल्याकडे ते नाव कोणी तोंडातून काढत नाही. "त्यांना मोठं दुखणं निघालंय," "छातीत काहीतरी आहे म्हणे," "ते झालंय हो त्यांना," असे चावडीवर बोलले जाते आणि समोरच्याने समजून घ्यायचे असते. तांबेरा पडला तर आपण तांबेरा म्हणतो, हुमणी लागली तर हुमणी म्हणतो, आणि शेतकी ऑफिसात जाऊन उपाय विचारतो. माणसाच्या रोगाचे नाव घ्यायला मात्र जीभ रेटत नाही. ज्याचे नाव घ्यायचे नाही त्याच्यावर उपाय तरी काय विचारणार?

आमच्या घरात हे घडले म्हणून आम्ही लिहितो आहोत. आमचे थोरले बंधू, ज्यांना सगळी वस्ती दादा म्हणते, यांच्या डाव्या फुफ्फुसाचा वरचा कप्पा मुंबईत ऑपरेशन करून काढला, त्याला आता दोन वर्षे होऊन गेली. दादा आज स्वतः पाटाचे पाणी वळवतात, आठवडी बाजाराला जातात, आणि कारखान्याच्या सभेत पहिल्यासारखेच भांडतात. तेव्हा हा लेख रडगाण्याचा नाही. पण त्या दोन वर्षांत आम्ही घरच्यांनी आणि वस्तीवरच्या मंडळींनी जे पाहिले त्यावरून आमचे एक मत पक्के झाले आहे, आणि ते सभासदांपुढे मांडण्याजोगे आहे. ऑपरेशनला पैसा उभा करण्यात आपली माणसे कोणाला हार जाणार नाहीत. कोणी म्हैस विकतो, कोणी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले काढून देतो, पतसंस्थेत रात्रीत कर्ज मंजूर होते. पण रोगी घरी आला की आपण मानतो, काम झाले. खरे काम त्या दिवशी सुरू होते, आणि ते डॉक्टर करू शकत नाही. ते घराने आणि गावाने करायचे असते.

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते थोडक्यात सांगू, कारण भीती बरीचशी न कळण्यातून येते. उजव्या फुफ्फुसाला तीन कप्पे असतात, डाव्याला दोन. डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. गाठ ज्या कप्प्यात आहे तो कप्पा आणि जवळच्या लसग्रंथी काढतात. बरगड्यांच्या मधून छाती उघडून हे करतात, आणि अलीकडे काही जणांना लहान भोके पाडून दुर्बिणीतूनही करता येते. कप्पा गेला तरी माणूस अर्धा होत नाही. उरलेले फुफ्फुस हळूहळू फुगून मोकळी जागा बरीचशी भरून काढते. एक अख्खे फुफ्फुस काढलेली माणसेही जगतात. अमेरिकेत सेंट लुईस येथे १९३३ साली डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कॅन्सर झालेले पूर्ण फुफ्फुस पहिल्यांदा यशस्वीपणे काढले. रोगी स्वतः डॉक्टर होता आणि त्यानंतर तो तीस वर्षे जगला. पुढे १९५० साली याच ग्रॅहॅमसाहेबांनी विंडर नावाच्या आपल्या विद्यार्थ्याबरोबर सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. साहेब स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढत. नंतर सोडली, पण १९५७ साली ते याच रोगाने गेले. बिडीचे बंडल खिशात घेऊन हा लेख वाचणाऱ्यांसाठी एवढे पुरे आहे, आम्ही आणखी उपदेश करत नाही.

मात्र एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. हा रोग फक्त बिडी-सिगारेटवाल्यांनाच होतो असे नाही. आपल्या देशात कधीच तंबाखू न ओढलेले पुष्कळ लोक, विशेषतः बायका, या रोगाने इस्पितळात येतात. चुलीचा धूर, दुसऱ्याच्या विडीचा धूर, शहरातली हवा, अशी कारणे आहेत, आणि काहींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. म्हणून रोग्याच्या तोंडावर "ओढायचास ना, मग भोग आता" असे म्हणणाऱ्याने जरा थांबावे. ज्याने ओढली त्यालाही ते ऐकवून त्याचे फुफ्फुस परत येत नाही.

दुसरी गोष्ट उशिराची. दादांना खोकला लागला तेव्हा तालुक्याच्या एका दवाखान्यात एक्स-रेवर डाग पाहून क्षय ठरवला आणि थुंकीत काही सापडलेले नसताना चार महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या. वजन उतरत गेले, डाग होता तिथेच राहिला. हे एकट्या दादांचे नाही. क्षय आपल्याकडे इतका आहे की डॉक्टरचा हात आधी तिकडेच जातो. पण क्षयाचे औषध चालू असताना महिना-दोन महिन्यांत फरक पडत नसेल, तर तिथेच न बसता मोठ्या ठिकाणी स्कॅन करून, दुर्बिणीतून किंवा सुईने तुकडा काढून तपासलाच पाहिजे. तीन आठवड्यांवर खोकला, थुंकीत रक्त, आवाज घोगरा होणे, कारण नसताना वजन उतरणे, यांतले काहीही असले तरी एक्स-रे काढून घ्यावा. ऑपरेशन रोग लवकर सापडला तरच होते. आपल्याकडचे बहुतेक रोगी ती वेळ टळून गेल्यावर पोचतात. दादांचे ऑपरेशन होऊ शकले हीच मोठी गोष्ट.

आता घरी आल्यानंतरचे. इथे आपल्या चांगुलपणाचीच अडचण होते.

आपल्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला गादीवरून उठू न देणे. पाणी जागेवर, ताट जागेवर, "दादा, पडून राहा, दगदग करू नका." बाकीच्या दुखण्यांत हे चालत असेल. फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर पडून राहणे हाच धोका आहे. पडून राहिलेल्या माणसाच्या छातीत कफ साचतो, त्यातून न्यूमोनिया होतो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती वर सरकली तर जीव जातो. म्हणून तर इस्पितळात ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, बरगडीत नळी आणि हातात बाटली असताना, दादांना उभे करून चालवले. ती बाटली बघून वहिनी घाबरल्या होत्या. तिच्यात नळीचे टोक पाण्यात बुडवलेले असते, त्यामुळे छातीतली हवा बुडबुडे काढत बाहेर येते पण परत आत जाऊ शकत नाही. आपल्या विहिरीतल्या पंपाचा फूट व्हॉल्व आठवा, तोच न्याय. तिथल्या सिस्टरने हे समजावून सांगितले तेव्हा वहिनींची भीती गेली, आणि उलट त्याच बुडबुडे मोजायला लागल्या.

घरी आल्यावर दादांना आम्ही अंगणात चालवत असू. पहिल्या दिवशी जनावरांच्या गोठ्यापर्यंत. मग विहिरीपर्यंत. तिसऱ्या आठवड्यात बांधापर्यंत. शेजारच्या म्हाताऱ्या मंडळींना हे बघवत नव्हते. "अरे, माणसाला मारता का काय?" असे आम्हाला ऐकवून गेले. त्यांचा जीव दादांवर आहे म्हणूनच ते बोलले, पण अशा वेळी घरच्यांनी ऐकून घ्यावे आणि चालवतच राहावे.

श्वासाचा व्यायाम हे दुसरे काम. प्लॅस्टिकचे तीन गोळ्यांचे यंत्र इस्पितळातून देतात. तोंडाने श्वास आत ओढायचा, गोळ्या वर जातात, जितका वेळ धरता येतील तितका वेळ धरायच्या. फुंकायचे नसते, ओढायचे असते. बरेच जण उलटेच करतात. दादांच्या नातवाने त्याचा खेळच केला. आजोबांच्या किती गोळ्या वर गेल्या याचा हिशेब भिंतीवर कोळशाने लिहून ठेवायचा. खोकताना छातीच्या जखमेवर उशी घट्ट दाबून धरायची, म्हणजे टाके ओढले जात नाहीत आणि कफ सुटतो. दुखते म्हणून खोकला दाबायचा नाही. त्यासाठीच दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या वेळच्या वेळी घ्यायच्या असतात. "गोळ्यांची सवय लागेल" म्हणून रोग्याच्या हातून गोळी काढून घेणारे शहाणे प्रत्येक गावात असतात.

ज्या बाजूचे ऑपरेशन असते त्या बाजूचा खांदा धरून बसतो. तो हात वापरायला लावावा. वहिनी दादांना दोरीवर धुणे टाकायला लावायच्या. गड्याने धुणे वाळत घालायचे म्हणजे वस्तीवर हसू झाले, पण दीड महिन्यात हात डोक्यावर गेला. हसणाऱ्यांपैकी एकाचा खांदा आज दुसऱ्याच कारणाने धरला आहे, आणि तोही आता मुकाट्याने धुणे टाकतो, असे आमच्या कानावर आहे!

दुखणे मात्र लवकर जात नाही, हे आधीच माहीत असावे. बरगडीच्या खालून जाणारी शीर ऑपरेशनमध्ये दुखावते. त्यामुळे छातीच्या पुढच्या बाजूला आग होते, मुंग्या येतात, काही जागा बधिर होते. हे महिनोन् महिने राहू शकते. रोग परत आला म्हणून माणूस रात्र रात्र जागतो. डॉक्टरला दाखवून शंका फेडून घ्यावी, पण घरात रड सुरू करू नये. आणि त्या बधिर जागेवर गरम विटेचा शेक तर अजिबात देऊ नये. कातडी भाजली तरी माणसाला कळत नाही.

खाण्याचे काय? मुगाच्या पाण्यावर माणूस ठेवायची रीत सोडून द्यावी. जखम भरायला कस लागतो. डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, खात असतील त्यांना मासे-मटण, थोडे थोडे पण पाच-सहा वेळा. पोट गच्च भरले की दम लागतो, म्हणून एकदम जेवण नको. सहा आठवडे तरी जड वजन उचलायचे नाही, खड्ड्यांच्या रस्त्याने मोटारसायकल नाही आणि ट्रॅक्टरवर तर बसायचेच नाही. दादा पाचव्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या चावीकडे बघायला लागले तेव्हा चावी वहिनींच्या कमरेला गेली.

धुराबद्दल आम्हाला जरा कडक बोलायचे आहे. घरात बिडी ओढणारा पाहुणा कितीही मोठ्या नात्याचा असो, त्याला अंगणाच्या बाहेर पाठवावे. रोगी असलेल्या घरात तरी चुलीवरचा स्वयंपाक बंद करून गॅसवर आणावा. आणि दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, आमची हरकत नाही, पण मीठ-मोहरी-मिरच्या चुलीत टाकून जो ठसका उठवता तो ऑपरेशन झालेल्या छातीला सोसत नाही. मिरच्या ओवाळून लांब उकिरड्यावर टाकल्या तरी दृष्ट उतरतेच! राहिले पाचट. तोडणी झाली की संध्याकाळी काडी लावायची आणि सगळ्या शिवारात धूर भरायचा, हे आपले जुनेच दुखणे. पाचट जमिनीत कुजवा म्हणून शेतकी खाते आणि ही पत्रिका किती वर्षे सांगत आहे. एकरी तीन-चार टन सेंद्रिय खत आपण जाळतो. खतासाठी नाही ऐकले, निदान शेजारी छातीचा रोगी आहे म्हणून तरी ऐकावे. दादांच्या वस्तीभोवतीच्या सात जणांनी त्या हंगामात पाचट पेटवले नाही. त्यांतल्या चौघांनी दुसऱ्या वर्षीही पेटवले नाही, कारण खोडवा चांगला आलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

भेटायला येणाऱ्यांबद्दल लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. पहिल्या आठ दिवसांत दीडशे माणसे येऊन गेली. प्रत्येकाला चहा. वहिनी आणि आमची सून चहा करून करून टेकीला आल्या. येणारा केळी घेऊन येतो, खाटेच्या पायाशी बसतो आणि सांगतो, "आमच्या मेव्हण्याच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. चांगले होते हो. तीन महिन्यांत गेले." हे सांगायला माणूस एस.टी.चे तिकीट काढून येतो! आणि आठ दिवस संपले की पुढचे तीन महिने कोणी फिरकत नाही. खरी गरज तेव्हा असते. तेव्हा रोगी खाटेवर उठून बसलेला असतो, घरच्यांची उमेद संपत आलेली असते, आणि केमोथेरपी सुरू झालेली असते.

कारण काहींना ऑपरेशननंतरही सलाइनमधून औषध घ्यावे लागते. दादांना चार वेळा, दर तीन आठवड्यांनी. गाठीच्या तुकड्याची आणखी तपासणी करून काहींना गोळ्या चालतात. माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा सांगत नाहीत, तसेच हे आहे, म्हणून शेजाऱ्याला दिलेले औषध आपल्याला का दिले नाही असे डॉक्टरशी भांडू नये. या काळात अंगातली रोग अडवण्याची ताकद उतरते. सर्दी-खोकला असलेल्याने भेटायला जाऊ नये. ताप शंभराच्या वर जाऊ लागला की सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा. दम एकाएकी वाढला, पोटरी सुजून दुखू लागली, जखम लाल होऊन वाहू लागली, तरी तेच.

आमच्या वस्तीने इथे एक चांगली गोष्ट केली. दादा ज्या भजनी मंडळात टाळ वाजवतात त्या मंडळाने एक वही केली. मुंबईच्या प्रत्येक फेरीला दादांबरोबर कोण जाणार, घरच्या जनावरांची धार कोण काढणार, रात्रीच्या लाइटीला मोटार कोण सुरू करणार, हे त्या वहीत आधी लिहायचे. बोलण्यावर नाही, वहीवर. त्यामुळे "मी जाणारच होतो, पण मला वाटलं तुम्ही जाल" हा प्रकार झाला नाही. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा इस्पितळात बाहेरगावाहून येणारे कित्येक रोगी तिथे उतरतात. आमची पोरे तिथली वाट इतकी शिकली की पुढे दुसऱ्या गावच्या दोन रोग्यांना तीच घेऊन गेली. टाटा इस्पितळ १९४१ साली सुरू झाले, आणि आता मुंबईच एक आहे असेही नाही. बार्शीला, मिरजेला, कोल्हापूरला कॅन्सरची इस्पितळे आहेत. सरकारची योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ पासून ती महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना म्हणून चालते. तिच्यातून खर्च मिळतो की नाही हे भरती होण्याच्या आधी इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचारावे. बिल हातात आल्यावर विचारून उपयोग नसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्डावर नाव एकसारखे नाही म्हणून दोन-दोन दिवस बाकावर बसलेली माणसे आम्ही पाहिली.

भजनाचेच आणखी एक. ऑपरेशननंतर दादांना अभंगाची एक ओळ एका दमात म्हणता येत नव्हती. मंडळींनी त्यांना घरी ठेवले नाही. पहिले काही दिवस नुसते बसवले, मग टाळ हातात दिला, मग ध्रुपदाला साथ. चौथ्या महिन्यात हरिपाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटला. डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, श्वासाचा याहून चांगला व्यायाम आम्ही सांगू शकलो नसतो. आम्हाला मात्र व्यायामापेक्षा निराळेच महत्त्वाचे वाटते. दादा रात्री एकटे पडले की भिंतीकडे तोंड करून रडत असत. बायका-पोरांसमोर रडायचे नाही ही आपल्या गड्यांची रीत. मंडळात बसायला लागल्यापासून ते कमी झाले.

आणि वहिनींचे कोणी विचारले? रोग्याचे जेवण, गोळ्या, रात्रीचे जागरण, शेतावरची माणसे, वर पाहुण्यांचा चहा. चार महिन्यांत त्या सहा किलोने उतरल्या. रोग्याची चौकशी दीडशे जणांनी केली, "वहिनी, तुम्ही आज झोपलात का?" हे शेजारच्या एका म्हातारीने विचारले, आणि ती रात्रीची पाळी करायला येऊन बसू लागली. रोग्याच्या घरी जाताना केळी नेऊ नका. भाकरी-कालवण घेऊन जा, नाहीतर एक रात्र जागायला जा.

आता मुद्द्यावर येतो, कारण ही कारखान्याची पत्रिका आहे. दादांचे ऑपरेशन डिसेंबरात झाले. त्यांचा अडसाली ऊस उभा होता. तोडीचा क्रमांक यायला दीड-दोन महिने होते, आणि इस्पितळाचा खर्च तर समोर उभा. वस्तीवरच्या दोघा सभासदांनी आपली पाळी दादांना दिली. शेतकी विभागाने ती मान्य केली, चिटबॉयने स्लिपा लावल्या, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ऊस गेला. टोळीला वाढे, पाणी, चहा वस्तीनेच पाहिला. ही इर्जिक झाली. आपल्या वाडवडिलांनी नांगरटीला केली ती आपण तोडीला केली. पण शेजारच्या गटात त्याच वर्षी असाच एक रोगी होता. त्याच्या घरी धावपळ करणारा गडी नव्हता, मुलगा सैन्यात. त्याचा ऊस एप्रिलपर्यंत उभा राहिला. तुरा आला, दशी पडली, वजन घटले, आणि शेवटी तोड मिळवायला वरून पैसे द्यावे लागले ते निराळेच. ऊस गेल्यावर एफआरपी चौदा दिवसांत द्यायची असा कायदा आहे. पण ऊस फडातच उभा असेल तर त्या चौदा दिवसांचे काय करायचे? दोघेही आपलेच सभासद, दोघांचे शेअर सारखे. एकाला शेजार चांगला होता म्हणून निभावले, दुसऱ्याला नव्हता म्हणून तो बुडाला. हे नशिबावर सोडायचे, तर मग सहकार कशाला काढला?

आमची मागणी अशी की मोठ्या ऑपरेशनमधून उठलेल्या किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या सभासदाच्या, अथवा त्याच्या घरातल्या माणसाच्या नावाने नोंद असलेल्या, पक्व उसाला तोडणी कार्यक्रमात अग्रक्रम मिळावा, आणि तो कोणाच्या मेहरबानीने नव्हे, नियमाने. काही संचालकांनी आमच्याशी बोलताना शंका काढली की उद्या प्रत्येकाच्या घरी आजारी माणूस निघेल, दाखले विकत मिळतात. शंका खोटी नाही. तोडीसाठी आपल्यातले लोक काय काय करतात हे आम्हालाही माहीत आहे. पण साध्या डॉक्टरचा दाखला नकोच. इस्पितळातून सुटल्याचा कागद आणि तपासणीचा अहवाल गट ऑफिसात दाखवावा, आणि अग्रक्रम दिलेल्यांचे सभासद क्रमांक ऑफिसच्या फळ्यावर लावावेत. रोगाचे नाव लावायची गरज नाही. खेड्यात कोण आजारी आहे आणि कोण सोंग करतो हे कोणाला सांगावे लागत नाही. फळ्यावर खोटे नाव लागले तर दुसऱ्या दिवशी पुसावे लागेल.

दुसरे तोडणी कामगारांचे. ते सभासद नाहीत, पण आपला ऊस त्यांच्या कोयत्यावर कारखान्यात जातो. कोपीत चूल, कोपीतच झोप, पहाटेचे धुके आणि दिवसभर पाचटाची धूळ. त्यांचा खोकला आपल्याला रोज ऐकू येतो आणि कोणी विचारत नाही. हंगामात कारखाना आरोग्य शिबिर घेतो. त्यात वजन आणि रक्तदाब मोजून, गोळ्या वाटून, फोटो काढून शिबिर संपते. तीन आठवड्यांवर खोकला असलेल्या प्रत्येकाचा, बाईमाणसाचाही, एक्स-रे त्याच शिबिरात निघाला पाहिजे. डाग निघाला तर टोळी गावाला परतण्याच्या आत पुढची तपासणी झाली पाहिजे. एकदा टोळी गेली की तो माणूस पुढच्या दसऱ्यापर्यंत सापडत नाही, आणि छातीतली गाठ दसऱ्यापर्यंत थांबत नाही.

या दोन्ही मागण्यांचा लेखी अर्ज आम्ही येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी तयार केला आहे. त्याची प्रत प्रत्येक गट ऑफिसात ठेवली आहे. ज्यांना पटेल त्यांनी आपला सभासद क्रमांक घालून सही करावी. ज्यांना पटत नसेल त्यांनी त्याच कागदाच्या पाठीमागे आपली हरकत लिहावी; ती बाजूही आम्ही सभेपुढे जशीच्या तशी वाचून दाखवू.